क्रिस्तियानियाची गांवकी

युरोपच्या प्रवासास निघालेला आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य बहुधा राजवाडे, प्रार्थनामंदिरें आणि चित्रशाळा पाहून परत येतो. आणि त्यांत त्याचें फारसें चुकतें असेंहि नाहीं. जें पाहण्यासाठीं हजारों मैल जावयाचें तें सुंदर व पुरातन असावें ही अपेक्षा रास्तच आहे. आम्ही २०१८ सालच्या जून महिन्यांत कोपनहेगन शहरीं उतरलों तेव्हां आमच्याहि टिपणवहींत याच प्रकारच्या स्थळांची यादी होती. परंतु इतिहास शिकविण्यांत उभें आयुष्य गेल्यामुळें म्हणा किंवा स्वभावदोषामुळें म्हणा, त्या यादींत ज्या ठिकाणाचें नांव सर्वांत शेवटीं लिहिलें होतें तेथेंच आमचे दोन दिवस गेले, आणि राजवाडा पाहावयाचा राहिला तो राहिलाच. त्या ठिकाणाचें नांव क्रिस्तियानिया. तेथील रहिवासी त्यास 'मुक्त नगर' म्हणतात; डेन्मार्कच्या सरकारनें त्यास वेळोवेळीं काय काय म्हटलें तें पुढें येईलच.

कोपनहेगनच्या मुख्य वस्तीपासून बंदराच्या अरुंद पाण्यानें तुटलेला क्रिस्तियान्सहाव्हन नांवाचा एक भाग आहे. चौथा क्रिस्तियान या राजानें सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत डच शहरांच्या धर्तीवर तो वसविण्यास आरंभ केला. मध्यें कालवा, कालव्याच्या कांठीं व्यापाऱ्यांचीं घरें व वखारी, आणि बाहेरच्या अंगास खंदक व बुरुजांची तटबंदी. याच राजानें १६१८ सालीं पूर्वेकडे जहाजें धाडलीं, आणि १६२० सालीं तंजावरच्या रघुनाथ नायकाशीं तह होऊन कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगमबाडीचें डेनिश ठाणें उभें राहिलें. पुढें तंजावरास भोसल्यांची गादी आल्यावर या डेनिश लोकांचे व्यवहार मराठी राजांशीं होऊं लागले. सरफोजीराजांचे गुरु श्वार्त्झ हे मूळचे तरंगमबाडीच्याच मिशनांतले. १८४५ सालीं तें ठाणें इंग्रजांना विकलें गेलें. म्हणून क्रिस्तियान्सहाव्हनच्या रस्त्यांत जुन्या आशियाई कंपनीची इमारत समोर आली तेव्हां आम्हांस क्षणभर आपल्या बखरींच्या कपाटाजवळ उभें राहिल्यासारखें वाटलें. हें विषयांतर खरें. पण ज्या तटबंदीच्या आड हें मुक्त नगर वसलें आहे ती कोणत्या पैशाच्या रक्षणासाठीं होती तें कळावें म्हणून केलें.

या तटाच्या आंत एकोणिसाव्या शतकांत तोफखान्याची छावणी बांधली गेली. तिच्या इमारती दणकट, विटांच्या व कांहीं लांकडी सांगाड्यांच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांस साहाय्य केल्याबद्दल ज्यांना देहांताची शिक्षा झाली त्यांपैकीं पुष्कळांस १९४६ ते १९५० या काळांत येथील तटावर एका छपरींत गोळ्या घालण्यांत आल्या. ती छपरी आतां नाहीं. तिची सिमेंटची जमीन व रक्त वाहून जाण्यासाठीं ठेवलेली मोरी मात्र अजून आहे. आम्ही गेलों तेव्हां शेजारच्या गवतावर दोन लहान मुलें एका बकरीस पाला चारीत होतीं. त्यांच्या आईनें आम्हांस ती जागा न विचारतां दाखविली, आणि "ही छावणीवाल्यांची आठवण, आमची नव्हे," एवढेंच म्हटलें.

१९७१ च्या सुमारास लष्करानें छावणी रिकामी केली. सुमारें ३४ हेक्टर, म्हणजे चौऱ्यायशीं एकर जागा, आणि तीहि राजधानीच्या मध्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ओस पडली. त्या वेळीं कोपनहेगनमध्यें तरुणांना परवडणारीं घरें दुर्मिळ होतीं. शेजारच्या आईबापांनीं मुलांना खेळावयास जागा हवी म्हणून सप्टेंबरच्या आरंभीं कुंपणाचा एक कोंपरा पाडला; त्या खिंडारांतून मुलांच्या मागोमाग बिऱ्हाडें शिरलीं. याकोब लुडविगसन नांवाच्या पत्रकारानें एका छोट्या पत्रांत लेख लिहून लोकांना सांगितलें कीं, नव्या देशांत स्थलांतर करावयाचें असेल तर आठ नंबरची बस तुम्हांस तेथें नेऊन सोडील. २६ सप्टेंबर १९७१ हा या नगराचा स्थापनादिन मानला जातो. राज्यें तलवारीनें स्थापन झालेलीं आम्हीं वाचलीं आहेत, कराराने व विवाहानें स्थापन झालेलींहि वाचलीं आहेत. बसच्या नंबरानें स्थापन झालेलें हें पहिलेंच.

त्याच वर्षीं त्यांनीं आपला हेतु चार ओळींत लिहून काढला. प्रत्येक व्यक्तीनें साऱ्या समाजाच्या हिताची जबाबदारी आपली म्हणून उचलावी असा स्वशासित समाज उभारावयाचा, आणि तो स्वतःच्या खर्चानें चालवावयाचा, असा त्याचा आशय आहे. यांत देव नाहीं, गुरु नाहीं, अर्थशास्त्राचा सिद्धांत नाहीं. आमच्या मतें हें नगर टिकण्याचें एक मोठें कारण तेंच होय. रॉबर्ट ओवेननें अमेरिकेंत १८२५ सालीं नवें हार्मनी वसविलें तेव्हां त्याच्याजवळ पैसा होता, तयार गांव होतें, मनुष्यस्वभावाविषयीं संपूर्ण शास्त्र होतें. आणि दोन-तीन वर्षांत सर्व मोडलें. फूरियेच्या अनुयायांनीं काढलेल्या वसाहतींची गति बहुतेक तीच झाली. ज्यांना समाज कसा असावा हें आधींच ठाऊक असतें त्यांना तो प्रत्यक्षांत तसा नाहीं हें सहन होत नाहीं. क्रिस्तियानियांत आलेल्यांना आपणांस काय नको एवढेंच ठाऊक होतें.

सरकारनें प्रथम दुर्लक्ष केलें. १९७२ सालीं संरक्षण खात्याशीं पाण्याचे व विजेचे पैसे देण्याचा करार झाला, आणि १९७३ सालीं समाजवादी-लोकशाही पक्षाच्या मंत्रिमंडळानें यास 'सामाजिक प्रयोग' असें नांव देऊन कांहीं काळ राहूं देण्याचें ठरविलें. मग मंत्रिमंडळ बदललें. १ एप्रिल १९७६ पर्यंत जागा मोकळी करावी असा निर्णय पार्लमेंटनें घेतला. पण त्या दिवशीं हजारों माणसें तेथें जमलीं, आणि पोलीस आलेच नाहींत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ सालीं न्यायालयानें रहिवाशांना तेथें राहण्याचा हक्क नाहीं असा निकाल दिला. निकाल लागला, तो कागदावर राहिला, आणि लोकहि राहिले. कायद्याचा विजय व त्याची अंमलबजावणी यांत इतकें अंतर पडूं देणारें सरकार दुर्बल म्हणावें कीं शहाणें, याविषयीं सौ. व आमचा मतभेद झाला. त्या म्हणाल्या, ज्या घरांत पोरें आहेत तें घर पाडावयास पोलीस पाठविण्यापूर्वीं प्रत्येक मंत्र्याला आपली निवडणूक आठवते, एवढाच त्याचा अर्थ.

आतां या नगराची गांवकी कशी चालते तें सांगूं. कारण आम्ही गेलों तें त्यासाठींच. सारें नगर चवदा विभागांत वांटलेलें आहे. सिंहदंती फुलाचें नांव असलेला एक, कारखान्याचा एक, उत्तरेचा एक, खंदकापलीकडच्या तटावरचे तीन, असे ते विभाग. प्रत्येकाची स्वतंत्र बैठक भरते, आणि सर्वांची मिळून एक मोठी सभा. तिला कोणीहि रहिवासी येऊं शकतो. अध्यक्ष कायमचा नाहीं, नगरपाल नाहीं, आणि मुख्य गोष्ट म्हणजे मतदान नाहीं. एकमत होईपर्यंत बोलावयाचें. न झालें तर पुन्हां जमावयाचें. घर कोणाच्या मालकीचें नसतें. राहणारा मनुष्य तें दुरुस्त करतो, वाढवितो, कांचेच्या बाटल्या व जुन्या खिडक्या जमवून खंदकाच्या कांठीं हवी तशी विचित्र इमारत उठवितो. पण जातांना ती विकूं शकत नाहीं. खोली रिकामी झाली म्हणजे नगराच्या साप्ताहिकांत सूचना येते, इच्छुक अर्ज करतात, आणि त्या विभागाचे रहिवासी बैठकींत बसून नवा शेजारी निवडतात. प्रत्येक प्रौढ माणसानें सामाईक तिजोरींत ठराविक वर्गणी भरावयाची. तिच्यांतून बालवाड्या, कचरा, रस्ते आणि सरकारचें देणें भागवावयाचें.

एका सत्तरी उलटलेल्या बाई आम्हांस आपल्या घरीं घेऊन गेल्या. छावणीच्या जुन्या लोहारशाळेच्या अर्ध्या भागांत त्या सत्तेचाळीस वर्षांपैकीं चाळीस वर्षें राहत होत्या. चहा करतां करतां त्यांनीं सभेविषयीं जें सांगितलें तें कोणत्याहि राज्यशास्त्राच्या पुस्तकांत आम्हांस मिळालें नव्हतें. त्या म्हणाल्या, "बाहेरच्यांना वाटतें, एकमत म्हणजे प्रेम. एकमत म्हणजे दमणूक. ज्याचा आवाज शेवटपर्यंत टिकतो आणि ज्याला दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामावर जावयाचें नसतें, त्याचें एकमत होतें. माझीं मुलें लहान होतीं तेव्हां मी नऊ वाजतां उठून घरीं येत असें, आणि निर्णय अकरा वाजतां होत असे." आम्हीं विचारलें, "मग मतदान कां सुरू करीत नाहीं?" त्यांनीं कप खालीं ठेवला. "मतदानांत हरलेला शेजारी उद्यां माझ्या भिंतीपलीकडेच राहतो. त्याला हरवून मी कोठें जाऊं?"

हें वाक्य आम्हीं त्या रात्रीं टिपून ठेवलें. गांवकी, पंच, भाऊबंदकी हे शब्द ज्यांच्या कानावरून गेले आहेत त्यांना यांतील सुखदुःख दोन्ही समजतील.

या पद्धतीची खरी कसोटी १९७९ सालीं लागली. नगर उघडें होतें. येणाऱ्यास हाकलावयाचें नाहीं हा जवळ जवळ धर्मच होता. त्यामुळें कोपनहेगनचे हेरॉइनचे व्यसनी हळूहळू येथें गोळा झाले. 'शांतीचें तारूं' या सुंदर नांवाच्या लांबलचक इमारतींत त्यांचा अड्डा जमला, आणि एका वर्षांत दहा माणसें त्या विषानें मेलीं. प्रथम रहिवाशांनीं पोलिसांचें साहाय्य घेतलें. हेरॉइन विकणाऱ्यांचीं नांवें त्यांनीं दिलीं. पण पोलिसांनीं चरस विकणाऱ्यांवरहि धाड घातली, आणि सहकार्य तेथेंच संपलें. मग नोव्हेंबर महिन्यांत सभेनें स्वतःच वेढा घातला. चाळीस दिवस व चाळीस रात्रीं बायका, पुरुष, मोठीं मुलें पाळीपाळीनें त्या इमारतीच्या दारांत व जिन्यांत उभीं राहिलीं. विकणाऱ्यास बाहेर काढलें. व्यसन्यास सांगितलें कीं उपचार घे, नाहीं तर जा. त्या दिवसापासून हेरॉइन, कोकेन व तत्सम सर्व द्रव्यांना बंदी आहे.

आमच्या यजमानीणबाई त्या वेढ्यांत होत्या. त्यांच्या बोलण्यांत पराक्रमाचा सूर मुळींच नव्हता. "ज्यांना बाहेर काढलें त्यांतला एक माझ्याकडे रोज जेवत असे," एवढें सांगून त्यांनीं विषय बदलला. इतिहासकार या प्रसंगाचें वर्णन करतांना स्वशासनाचा विजय असें लिहितात. आम्हीहि वर्गांत तसेंच सांगितलें असतें. पण ज्या समाजानें कोणासहि हद्दपार करावयाचें नाहीं म्हणून आरंभ केला, त्याचा पहिला मोठा कायदा हद्दपारीचा निघाला, हें त्या बाईंच्या चेहऱ्यावर लिहिलेलें होतें. पुढें एका मोटारसायकलवाल्या टोळीनें चरसाच्या व्यापारावर कबजा केला. त्या अनुभवांतून शस्त्रें, हिंसा, टोळ्यांचीं चिन्हें व चिलखती कपडे यांवर बंदी आली. खासगी मोटारगाड्यांस तर बंदी आहेच. त्या बंदींतूनच एक उपयुक्त वस्तु जन्मली. पुढें मोठी लांकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल येथील एका लोहारानें १९८४ सालीं बनविली, आणि आज सारें कोपनहेगन त्याच सायकलींत आपलीं मुलें बसवून शाळेंत नेतें.

राहिला चरस. त्याविषयीं न लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमच्या भेटीच्या वेळीं नगराच्या मध्यावरील एका गल्लींत दुतर्फा टपऱ्या होत्या, आणि आपल्याकडे भाजी विकावी तसा तो उघड विकला जात होता. छायाचित्र काढूं नये अशी ताकीद ठिकठिकाणीं होती, आणि टपरीमागचे चेहरे झाकलेले होते. ज्या नगरांत दारास कुलूप नाहीं म्हणून आम्ही कौतुक करीत होतों, तेथें चेहरे झाकलेलीं माणसें पाहून सौ. नीं आमचा हात धरला. ही तरुण माणसें बहुतेक येथें राहणारीं नव्हतीं. बाहेरच्या टोळ्यांची ती दुकानदारी होती. आरंभीं रहिवाशांनीं चरस निरुपद्रवी म्हणून चालूं दिला. नंतर नफा वाढला, आणि चालूं देणारे व चालविणारे निराळे झाले. २०१६ सालीं तेथें पोलिसांवर गोळीबार झाला, तेव्हां रहिवाशांनीं स्वतः टपऱ्या उपटल्या. थोड्याच दिवसांत त्या पुन्हां उभ्या राहिल्या. एकमतानें चालणाऱ्या सभेस जो मनुष्य सभेला येतच नाहीं त्याच्यापुढें उपाय नाहीं. हा दोष आम्हांस मूलभूत वाटतो, आणि केवळ सरकारच्या छळामुळें तो आला असें म्हणणाऱ्या त्यांच्या मित्रांशीं आम्ही सहमत नाहीं.

तितकाच खरा दुसरा आक्षेप असा कीं, हें स्वातंत्र्य डेनिश राज्याच्या छत्राखालचें आहे. मुलें डेनिश शाळांत जातात, आजारी माणूस डेनिश रुग्णालयांत जातो, म्हाताऱ्यांना पेन्शन मिळतें. नगराच्या वेशीवरील लांकडी कमानीवर, बाहेर पडणाऱ्यास दिसेल अशा बाजूला, आपण आतां युरोपीय संघांत प्रवेश करीत आहां असें लिहिलें आहे; ती थट्टा आहे आणि थट्टा म्हणून चांगली आहे. पण हें राज्यहि सामान्य नव्हे. ज्या देशांत १८८२ सालीं शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन पहिला सहकारी दूधसंघ काढला, ज्या देशांत ग्रुंटविगच्या प्रेरणेनें खेड्यांतील तरुणांसाठीं परीक्षा नसलेल्या लोकशाळा निघाल्या, त्या देशांतील सामान्य नागरिकास चार माणसांनीं बसून आपला कारभार आपण पाहणें हें वेडेपणाचें वाटत नाहीं. क्रिस्तियानियाच्या पाठीशीं जे हजारों लोक उभे राहिले ते कांहीं सारेच लांब केंसांचे नव्हते.

छळापेक्षां औदार्यच या नगरास अधिक जड गेलें असें आम्हांस वाटतें. १९८९ सालीं खास कायदा होऊन वस्तीस मान्यता मिळाली. २००४ सालीं तो बदलून सामुदायिक हक्क काढून घेण्यांत आला. त्याविरुद्ध लढलेला दावा रहिवासी फेब्रुवारी २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत हरले. आणि मग सरकारनें हकालपट्टीऐवजीं सौदा पुढें केला कीं, जागा विकत घ्या. रहिवाशांनीं वेशीचीं दारें कांहीं दिवस बंद करून विचार केला. अखेर सुमारें ७६ दशलक्ष क्रोनरांना मान्यता दिली, आणि १ जुलै २०१२ पासून एका न्यासाच्या नांवें मिळकत झाली. जमीन कोणाचीच नाहीं असें चाळीस वर्षें म्हणणाऱ्यांना खरेदीखत करावें लागलें. त्यांतूनहि त्यांनीं वाट काढली. मालकी व्यक्तीची नसून न्यासाची, आणि पैसे उभारण्यासाठीं जगांतील कोणालाहि घेतां येईल असा 'लोकांचा हिस्सा' विकावयाचा, ज्यावर व्याज नाहीं, मत नाहीं, मालकीहि नाहीं. असला हिस्सा लोक विकत घेतात याचें आम्हांस आश्चर्य वाटलें. तरी परततांना एक घेतला. पण कर्जाचे हप्ते आले, घरांची डागडुजी सक्तीची झाली, आणि भाडें वाढलें. आमच्या बाई म्हणाल्या, "पूर्वीं आम्ही पोलिसांविषयीं बोलत असूं, आतां सभेंत आम्ही बँकेविषयीं बोलतों. पोलिसांच्या वेळीं माणसें अधिक येत."

ऑगस्ट २०२३ मध्यें त्याच गल्लींत गोळीबार होऊन एक तरुण ठार व चार जण जखमी झाल्याची बातमी आम्हीं घरीं बसून वाचली. या वेळीं मात्र सभा निर्णयास पोंचली. ६ एप्रिल २०२४ रोजीं रहिवाशांनीं त्या गल्लीचे फरसबंदीचे दगड आपल्या हातांनीं उपटून काढले. ज्याला हवा त्यानें एक दगड घरीं न्यावा असें सांगितलें होतें. कायदेमंत्री व कोपनहेगनच्या महापौरबाई त्या दिवशीं हजर होत्या. बावन्न वर्षांपूर्वीं ज्या सरकारला दाराबाहेर ठेवण्यासाठीं हें नगर निघालें, त्याचा मंत्री शेजारीं उभा राहून दगड काढूं लागला. त्यांत पराभव पाहणारे जुने रहिवासी आहेत, आणि आपली गल्ली परत मिळाली म्हणून मुलांना घेऊन आलेले तरुण आईबापहि आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी त्या शहरांत नोकरीस आहे. त्यानें त्या दिवशींचा एक दगड आणून आमच्याकडे पोंचता केला. तो आतां टेबलावर उत्तरपत्रिकांवर ठेवतों. त्याच्या पत्रावरून कळलें कीं आतां मोठा वाद निराळाच आहे. सरकारशीं झालेल्या नव्या करारानुसार नगराच्या हद्दींत कांहीं शें माणसांसाठीं स्वस्त भाड्याचीं नवीं घरें बांधावयाचीं आहेत. त्या घरांत कोणी राहावयाचें हें विभागाच्या बैठकीनें ठरवावें कीं शहराच्या प्रतीक्षायादीनें, यावर सभा पुन्हां पुन्हां भरत आहेत. आमच्या यजमानीणबाईंविषयीं आम्हीं मुद्दाम विचारलें होतें. त्या आहेत, सभेस जातात, आणि हल्लीं अकरा वाजेपर्यंत बसतात, असें त्यानें कळविलें आहे.